घड्याळ, प्रसंग की अंगाची साथ: शारीरिक अपंगत्वासह लिहिण्याचा नेम कसा निवडावा

पहाटे उठा, रोज एकाच वेळी बसा, ठरलेले शब्द झाल्याशिवाय उठू नका. लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला हाच सल्ला मिळतो. ज्याला अंथरुणातून व्हीलचेअरवर यायलाच मदतनिसाची वाट बघावी लागते, किंवा ज्याची बोटं सकाळी उघडतच नाहीत, त्याला तो पाळता येत नाही, आणि मग आपल्याच्याने लिहिणं व्हायचं नाही असं वाटू लागतं. मी स्वतः एका हाताने टाइप करते. नेम बांधायच्या मला तीन रीती दिसतात: ठरलेली वेळ, ठरलेला प्रसंग, आणि अंगाची साथ पाहून. कोणाला कोणती सोसेल, हे अपंगत्व कुठल्या प्रकारचं आहे त्यावर ठरतं.

ठरलेल्या वेळेचा खरा फायदा घरच्यांच्या बाबतीत होतो. घरी असणारा अपंग माणूस मोकळाच आहे, असं सगळे धरून चालतात. कुरिअर घे, गॅसवाल्याला दार उघड, आलेल्या मावशींशी बोलत बस. ‘अकरा ते बारा मी लिहिते’ हे सतत कानावर पडलं की घर ती वेळ सोडून देतं. अपंगत्व स्थिर असेल, म्हणजे हात किंवा पाय गमावलेला असेल किंवा एका बाजूचा जुना अशक्तपणा असेल, तर मी हीच रीत सुचवेन.

मात्र पहाटेचा हट्ट नको. र्‍हुमॅटॉइड संधिवातात सकाळी सांधे तासभर, कधी त्याहून जास्त वेळ आखडलेले असतात. सेरेब्रल पाल्सीतला (जन्माच्या सुमारास मेंदूला इजा होऊन येणारं अपंगत्व) स्नायूंचा ताठरपणा थंडीत अनेकांना जास्त जाणवतो. नाशिकला डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा या दोघांनी ऊन खिडकीत आल्यावरच बसावं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांचा आजार) नेमकं उलट होतं: उष्म्याने थकवा आणि अशक्तपणा वाढतो, त्यामुळे एप्रिल-मेची दुपार लिहिण्यासाठी बाद, सकाळच बरी. म्हणून माझं म्हणणं, वर्षाला एकच वेळापत्रक ठेवू नका. दिवाळी ते होळी एक, होळी ते मृग दुसरं, आणि पावसाळ्यात ज्याचे सांधे कुरकुरतात त्याने तिसरं.

दुसरी रीत प्रसंगाची, आणि मला ती सगळ्यात पक्की वाटते. इथे घड्याळ सोडायचं आणि लिहिणं रोज होणाऱ्याच एखाद्या गोष्टीच्या पाठीला बांधायचं: फिजिओ झाल्यावर, आंघोळ आटोपून खुर्चीत बसवल्यावर, दुपारच्या औषधानंतर. मदतनीस आठऐवजी दहाला आली तर दिवस दोन तास पुढे सरकतो, पण नेम मोडत नाही. मणक्याला इजा झालेल्यांसाठी तर हीच रीत. अनेकांना दर 4 ते 6 तासांनी कॅथेटरने लघवी काढावी लागते, म्हणजे दिवसाचे तुकडे आधीच पडलेले असतात. कॅथेटर झाल्यावरचा पहिला तास लिहिण्याला द्या. मन त्या वेळी सर्वात निर्धास्त असतं. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणारी जखम, होऊ नये म्हणून दर 15 ते 30 मिनिटांनी अंग उचलायचं किंवा एका बाजूला झुकायचं असतं. मोबाइलवर गजर लावा आणि तेवढ्यात आधीचा परिच्छेद वाचून घ्या. लिहिण्याच्या ओघात हे चुकवू नका. एक जखम महिनोन्महिने अंथरुणाला खिळवते.

तिसरी रीत, जमेल तेव्हा लिहायचं, ही ऐकायला सर्वात दयाळू. तिच्यावर एकटीवर भिस्त ठेवू नये असं मला वाटतं. बरं वाटणारा दिवस उगवला की बँक, डॉक्टर, लाइटबिल, पाहुणे सगळे त्याच दिवशी रांगेत उभे असतात आणि लिहिणं शेवटी जातं. नाहीतर उत्साहात चार तास बसून पुढचे चार दिवस झोपून काढावे लागतात. लहानपणी पोलिओ झालेल्यांना काही दशकांनी पुन्हा अशक्तपणा आणि थकवा येऊ शकतो. त्यात अंग ताणून काम केलं तर त्रास वाढतो. अशांनी किमान शब्दांऐवजी कमाल वेळ ठरवावी: चाळीस मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं.

नेम टिकणं पुष्कळसं साधनावर अवलंबून असतं. एका हाताने लिहिणाऱ्यांनी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड (भारतीय लिप्यांसाठीची प्रमाण कळरचना) शिकावा की बोलून टाइप करावं? इन्स्क्रिप्टमध्ये ख, घ, छ, झ यांसाठी शिफ्ट दाबून ठेवावी लागते, एका हाताला ते जड जातं. विंडोजमधलं ‘स्टिकी कीज’ चालू केलं (शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबून चालू करता येतं) की शिफ्ट आधी आणि अक्षर मागाहून दाबता येतं. शिकायला वेळ लागतो, पण एकदा बोटांत बसलं की शुद्धलेखन आपल्या ताब्यात राहतं. जीबोर्ड (मोबाइलवरचा गूगलचा कीबोर्ड) आणि गूगल डॉक्समध्ये मराठी बोलून टाइप होतं. हात लवकर दुखणाऱ्याला पहिल्या खर्ड्यासाठी ते वरदान आहे. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं मागाहून दुरुस्त करावी लागतात. उच्चार अस्पष्ट असेल तर ते फार साथ देत नाही. आणखी एक अडचण कुणी सांगत नाही: दोन खोल्यांच्या घरात आईबद्दलची गोष्ट आईच्या समोर मोठ्याने बोलता येत नाही. अशा मजकुरासाठी हातच हवा, हळू का होईना. लेखनिक मिळाला तर दुरुस्तीपुरता ठेवावा, पहिला खर्डा आपला आपण.

बाहेर जाऊन लिहायचं असेल तर नाशिकमध्ये 1840 सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, गंगापूर रोडला कुसुमाग्रज स्मारक आहे. कुठेही जाण्याआधी फोन करून तीन गोष्टी विचारा: पायऱ्या किती, स्वच्छतागृहात व्हीलचेअर वळते का, टेबलाखाली गुडघे जायला साधारण 70 सेंमी उंची मोकळी आहे का. तरीही माझं मत, रोजचा नेम घरी ठेवावा आणि बाहेरचा आठवड्यातून एकदा. 2027 च्या सिंहस्थात पर्वण्यांच्या दिवसांत पंचवटीच्या बाजूने वाहन काढणं अवघड असेल, तेव्हा वाचनालयावर बेतलेला नेम मोडायला वेळ लागणार नाही.

ज्यांचं दुखणं वाढत जाणारं आहे, मस्क्युलर डिस्ट्रॉफी (स्नायू हळूहळू क्षीण होत जाणारा आजार) असो की आणखी काही, त्यांनी हात चालताहेत तोवरच बोलून लिहिण्याची सवय सुरू करावी. आठवड्यातले दोन दिवस हाताने, दोन दिवस बोलून. बोललेलं वाक्य लिहिलेल्यापेक्षा लांब आणि सैल होतं, ते आपल्या धाटणीत आणायला बरेच महिने जातात, आणि तोवर हाताने दुरुस्त करण्याची सोय शिल्लक असते.