98,160 रुपयांचा हिरवा दिवा

सर्व्हरवर लक्ष ठेवतो म्हणून आलेल्या एका इंजिनिअरने मला फसवलं. आधी हिशेब मांडतो, कारण पोलिस ठाण्यात तो कोणी पूर्ण ऐकून घेतला नाही. सर्व्हरवर मॉनिटरिंग, म्हणजे तो नीट चालतोय का यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा, बसवण्याचे 18,500, त्यावर 18 टक्के जीएसटी 3,330. वर्षाचं लायसन्स आणि रिमोट मॅनेजमेंट 36,000, जीएसटी 6,480. एसएसएल सर्टिफिकेट (वेबसाइटची जोडणी सुरक्षित करणारं) 7,500, जीएसटी 1,350. आणि शेवटी, आपलाच सर्व्हर आपल्याला परत मिळावा म्हणून रात्री यूपीआयने पाठवलेले 25,000. एकूण 98,160 रुपये. त्यातले 11,160 जीएसटीच्या नावाखाली गेले, त्याची गंमत पुढे सांगतो.

आमचा धंदा केळी वाहतुकीचा, रावेर-यावल पट्ट्यातला. ट्रकचं बुकिंग, बिल्टी म्हणजे मालाची वाहतूक पावती, वजन, व्यापाऱ्याची उचल, शेतकऱ्याचं येणं, हे सगळं एका वेब अॅप्लिकेशनवर चालतं. भाच्याने पुण्याला नोकरी लागायच्या आधी लिहून दिलं होतं. जावा या प्रोग्रामिंग भाषेत आहे, टॉमकॅट नावाच्या वेब सर्व्हर सॉफ्टवेअरवर चालतं, सर्व्हर भाड्याचा, मुंबईतल्या डेटा सेंटरमधला. चांगलं चालत होतं. कधी बंद पडलं तर भाच्याला फोन करायचा, तो पाच मिनिटांत उठवायचा. पण नोकरी लागल्यावर माणूस दर वेळी फोन उचलेलच असं नाही, आणि मलाही दर वेळी त्याला त्रास देणं बरं वाटेना. म्हणून कोणीतरी लक्ष ठेवणारा हवा होता. यात माझं काय चुकलं ते मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

हा इंजिनिअर ओळखीतूनच आला. जिनिंगवाल्या एका मित्राकडे त्याने कॅमेरे बसवले होते. गोड बोलणारा, लॅपटॉपच्या मागे पाच-सहा कंपन्यांचे स्टिकर. म्हणाला, "शेठ, तुम्ही सावद्यात चहा पीत बसा, तुमचा सर्व्हर कसा श्वास घेतोय ते मोबाइलवर दिसेल. बंद पडायच्या आधी मला कळेल."

ऑफिसात बसून त्याने काम केलं. जेकॉन्सोल नावाचा प्रोग्राम उघडला, त्यात मेमरीचे आलेख नाचायला लागले, थ्रेड किती, क्लास किती. आमचा मुनीम तर बघतच राहिला. आता ऐका. जेकॉन्सोल जावाच्या जेडीकेबरोबर, म्हणजे प्रोग्रामरच्या साधनांच्या संचाबरोबर, फुकट येतो. लायसन्स नावाची गोष्टच नाही त्यात. झॅबिक्स, नॅगिऑस, प्रोमेथियस, ग्राफाना ही मॉनिटरिंगची सॉफ्टवेअरंही स्वतःच्या सर्व्हरवर फुकट बसवता येतात. बसवण्याची मजुरी घ्या, जरूर घ्या, कष्टाचे पैसे आहेत. पण कोणी 'मॉनिटरिंगचं लायसन्स' म्हणाला तर कोणत्या सॉफ्टवेअरचं, कोणाच्या नावावर, हे कागदावर लिहून मागा. एसएसएलचंही तेच: लेट्स एन्क्रिप्ट नावाच्या सेवेचं सर्टिफिकेट फुकट आणि आपोआप नवं होणारं असतं. आमच्या सर्व्हरवर तेच निघालं. 8,850 रुपयांना.

बाहेरून जोडणी होईना तेव्हा तो म्हणाला, "फायरवॉल अडवतेय, काढावी लागेल." आणि काढली. मी समोर बसलो होतो. फायरवॉल म्हणजे बाहेरच्यांना अडवणारी भिंत, पण मला तेव्हा जेवढं ठाऊक होतं तेवढ्यात मी काय विचारणार? डॉक्टर म्हणाला पट्टी काढा, तर आपण काढतोच.

भाच्याने नंतर समजावलं ते असं. जेएमएक्स हा जावाच्या आत डोकवायचा रस्ता. नुसतं डोकवायचा नाही, आत हात घालायचाही. त्याला एक पोर्ट, म्हणजे नंबर दिलेलं एक दार, लागतो, आणि आपण ठरवून दिला नाही तर आरएमआयसाठी (प्रत्यक्ष बोलणं ज्यातून होतं ती जावाची जोडणी) दुसरा पोर्ट जावा स्वतःच, दर वेळी वेगळा, उचलते. म्हणून फायरवॉलमधून जोडणी होत नाही. ज्याला काम येतं तो सेटिंगमध्ये एक ओळ वाढवून दोन्हींसाठी एकच पोर्ट ठरवतो. ज्याला येत नाही, किंवा ज्याला करायचंच नाही, तो फायरवॉल बंद करतो. वर या इसमाने 'ऑथेंटिकेट = फॉल्स', 'एसएसएल = फॉल्स' असं लिहून ठेवलेलं. म्हणजे पासवर्ड नाही, कुलूप नाही. अशा पोर्टातून बाहेरचा कोणीही आपला प्रोग्राम आत चढवून चालवू शकतो. टॉमकॅटचं मॅनेजर पान, जिथून अॅप्लिकेशन चढवता-उतरवता येतं, मुळात फक्त त्याच मशीनवरून उघडतं, ती अटही त्याने काढून टाकली होती. नाव अॅडमिन, पासवर्ड अॅडमिन. हे त्याचं 36,000 रुपयांचं रिमोट मॅनेजमेंट.

मोबाइलवर मात्र एक छान पान उघडायचं. वर हिरवा दिवा, खाली मेमरीचा आलेख, बाजूला अपटाइम, म्हणजे न थांबता किती वेळ चालू आहे तो आकडा. मी रोज सकाळी देवाला हात जोडून झाले की ते पान बघायचो.

आता तो प्रसंग, ज्याने माझी झोप अजून उडते. मे महिना, 45 अंशांचं ऊन, कटाई जोरात, ट्रका दिल्लीकडे निघायच्या रांगेत. रात्री बिल्टी निघेना. इंजिनिअर फोन उचलेना. मी स्वतः सर्व्हर कंपनीच्या पॅनलवर गेलो, रीस्टार्टचं बटण दाबलं, अॅप्लिकेशन सुरू झालं. सकाळी मोबाइलवर बघतो तर हिरवा दिवा तसाच, आणि अपटाइम 63 दिवस.

63 दिवस! रात्री मी माझ्या हाताने बंद करून चालू केलेला सर्व्हर सकाळी सांगतोय की मी 63 दिवस झोपलोच नाही. जावाचा अपटाइम रीस्टार्ट झाला की शून्यावरून सुरू होतो, हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. आलेखही बघायला हवा होता. खरा मेमरीचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा असतो, हळूहळू चढतो, गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी मोकळी करणं) झालं की धपकन खाली येतो. माझ्या मोबाइलवरची रेघ गुळगुळीत, सोमवारी तशीच मंगळवारी. ते मॉनिटरिंग नव्हतंच, तयार चित्रांचं एक पान होतं. रात्री बिल्टी बंद होती तेव्हाही दिवा हिरवाच असणार, मी बघितलं नाही एवढंच.

मी विचारलं त्याला. गप्प बसलो नाही, हे नोंदवून ठेवा. म्हणालो, "साहेब, हे 63 दिवस कसे?" तो हसला. "शेठ, तो सर्व्हरचा नाही, आमच्या एजंट प्रोग्रामचा अपटाइम आहे. तुम्ही पॅनलवरून हात लावता म्हणून एजंट गोंधळतो. असं करू, पॅनलचं खातं आमच्या ईमेलवर घेऊ, अलर्ट थेट आम्हाला येतील, तुम्हाला रात्री उठायला नको." आणि मी खातं दिलं. ट्रका उभ्या होत्या, दहा माणसं समोर होती, मुकादम ओरडत होता. त्या क्षणी कोणीही दिलं असतं. पण उत्तर ऐकताना मनात कुठेतरी खट्ट झालं होतं, आणि ते खट्ट मी ट्रकच्या गडबडीत गिळलं, याचा राग त्या माणसावरच्या रागापेक्षा मोठा आहे.

आमच्या सीए साहेबांनीही विचारलं होतं, ही बिलं टूबीमध्ये (विक्रेत्यांनी भरलेली बिलं दाखवणारं जीएसटीचं विवरण) दिसत नाहीत, विक्रेत्याला रिटर्न भरायला सांगा. मी निरोप पोचवला, त्याने "पुढच्या महिन्यात दिसेल" म्हटलं. नंतर जीएसटीच्या पोर्टलवर त्याच्या बिलावरचा जीएसटी नंबर टाकला. 15 आकडे-अक्षरं, सुरुवातीला महाराष्ट्राचे 27, सगळं व्यवस्थित. स्थिती: रद्द. हे बघायला लॉगिनसुद्धा लागत नाही. पैसे द्यायच्या आधी बघा, एक मिनिट लागतं.

पुढे सर्व्हर कासवाच्या गतीने चालायला लागला. तो म्हणे मेमरी वाढवा, मोठा प्लॅन घ्या. मग एका संध्याकाळी लॉगिनच होईना. पासवर्ड बदललेला, पॅनल त्याच्या ईमेलवर. फोन केला तर म्हणतो, "हँडओव्हर चार्ज 45,000 लागेल, एग्रीमेंटमध्ये आहे." कुठलं एग्रीमेंट? बिलामागे बारीक अक्षरात छापलेलं. घासाघीस करून 25,000वर आला. केळी थांबत नाही हो. कापलेला घड त्या उन्हात पिकायला लागला की व्यापारी भाव पाडतो. ज्यांना वाटतं की मी द्यायला नको होते, त्यांनी एकदा मे महिन्यात भरलेल्या ट्रकशेजारी उभं राहून मग बोलावं.

खातं परत मिळालं तसा भाचा पुण्याहून आत शिरला. तासाभराने त्याचा फोन. "मामा, सीपीयू सगळा कोणीतरी क्रिप्टो नाणी काढायला वापरतंय. दार सताड उघडं ठेवलंय आपलं." म्हणजे मेमरी कमी नव्हती, चोर आत बसून आमच्या भाड्यावर स्वतःचा धंदा करत होता. चोर कोण ते माहीत नाही. दार कोणी उघडं टाकलं ते माहीत आहे. वाचलो एकाच गोष्टीमुळे: भाच्याने फार पूर्वी लावून ठेवलेला डेटाबेसचा रोजचा बॅकअप ऑफिसच्या कॉम्प्युटरवर उतरत होता, आणि त्याबद्दल त्या इसमाला सांगायचं राहून गेलं होतं.

आता पोलिस. ठाण्यातल्या हवालदारांचा, अमळनेरकडचे असावेत, पहिला प्रश्न: "भाऊ, चावी तर तुम्हीच दिनी ना?" दुसरा प्रश्न, ओटीपी दिला का. नाही म्हटलं तर म्हणे मग सायबर कसं? हा देण्याघेण्याचा वाद, दिवाणी, कोर्टात जा. मी म्हटलं, साहेब, जुन्या कायद्यातलं फसवणुकीचं 420 गेलं असेल, पण 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय न्याय संहितेचं 318 आहे, कॉम्प्युटरमध्ये परवानगीविना हात घालण्याचं आयटी कायद्याचं 43 आणि 66 आहे. तर म्हणाले आयटी कायद्याचा तपास निरीक्षकच करू शकतात. हे खरं आहे, कलम 78 तसंच सांगतं. पण निरीक्षक साहेब बंदोबस्तात. पुढच्या वेळी गेलो, साहेब मीटिंगला. नंतर साहेब भेटले, तर म्हणाले सर्व्हर घेऊन या. मी सांगितलं, सर्व्हर मुंबईत आहे, भाड्याचा आहे, उचलून आणायची वस्तू नाही. "मग गुन्हा मुंबईत घडला, तिकडे जा." अरे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173मध्ये हद्द कुठलीही असो माहिती नोंदवून घ्यायची असं स्पष्ट लिहिलंय, ते मी वाचून दाखवायचं का? दाखवलं. कागद बाजूला ठेवला आणि चहा मागवला. माझ्यासाठी नाही.

वरच्या ठाण्यात पाठवलं. तिथे एका तरुण साहेबाने निदान ऐकलं, पण म्हणाला लॉग, म्हणजे सर्व्हरवरच्या हालचालींच्या नोंदी, कुठेत? आम्ही पुसले नव्हते म्हणून बरं. तुमच्यावर अशी वेळ आली तर रागाच्या भरात सर्व्हर फॉरमॅट करू नका, आधी पूर्ण स्नॅपशॉट, म्हणजे सर्व्हरची आहे तशी प्रत, घ्या, टॉमकॅटची सेटिंगची फाइल आणि लॉगिनच्या नोंदी वेगळ्या ठेवा. आम्ही ते सगळं पेन ड्राइव्हमध्ये दिलं. त्यांच्या कॉम्प्युटरवर पेन ड्राइव्ह चालत नाही, प्रिंट काढून आणा. लॉगच्या प्रिंट! रीमच्या रीम गेल्या. त्या गठ्ठ्यावर आवक शिक्का मारून देतानाही वर विचारतात, एवढे कागद कशाला आणले.

बँकेने सांगितलं की यूपीआय तुम्ही स्वतः केलंत, आम्ही काय करणार. ग्राहक आयोगाचं एका वकिलांना विचारलं तर म्हणाले व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक कायद्यात सहसा बसत नाही, स्वयंरोजगाराची पळवाट आहे पण ती सिद्ध करत बसा. आयटी कायद्याने 5 कोटींपर्यंतचा भरपाईचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे करता येतो म्हणे. म्हणजे 98,160 साठी खानदेशातून मंत्रालय. ठाण्याने ऐकलं नाही तर पोलिस अधीक्षकांना लेखी द्या, पोस्टाने, पोचपावतीसह. तेही दिलंय. आणि पैसे नुकतेच गेले असतील तर आधी 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, नंतर रडा. खात्यातून पुढे सरकायच्या आत रक्कम गोठली तर गोठली.

आता भाच्याने जे बसवलंय ते त्या इसमाच्या कामाच्या बरोबर उलट आहे. जेएमएक्सचा पोर्ट फक्त लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच मशीनपुरता, बाहेरून यायचं तर एसएसएचच्या, म्हणजे कुलूपबंद जोडणीच्या, बोगद्यातून. पासवर्डाची फाइल वेगळी, मालकाशिवाय कोणाला वाचता येत नाही, तसं नसेल तर जावा सुरूच होत नाही. दोन भूमिका: एकाला नुसतं बघता येतं, दुसऱ्याला बदल करता येतात. बघणाऱ्याला बघण्याचीच परवानगी द्या! रूट, म्हणजे सर्व्हरवरचे सगळे अधिकार, कोणालाच नाही. पॅनलचं खातं, डोमेन, ईमेल सगळं आपल्या नावावर, काम करणाऱ्याला वेगळा युजर, काम संपलं की बंद.

आणि कोणी मॉनिटरिंग बसवलं की पैसे देण्याआधी त्याला न सांगता अॅप्लिकेशन स्वतः बंद करा आणि मोबाइल हातात घेऊन बसा. दिवा लाल झाला नाही, फोन वाजला नाही, तर एक रुपया देऊ नका. आमच्याकडे आता महिन्यातून एकदा मुनीमच बंद करतो, मला न सांगता. मागच्या वेळी जेवताना वाजला, भरीत-भाकरी टाकून उठलो, आणि तो दारात उभा राहून हसत होता.

तो इसम धुळे-नंदुरबारकडे फिरतोय असं कळलं. कार्डावर कंपनीचं नाव नवं, गोड बोलणं तेच. परवा त्याचा मेसेजही आला, बहुतेक यादीतल्या सगळ्यांना जातो: प्रिय ग्राहक, आपलं वार्षिक मॉनिटरिंग संपत आहे, आजच नूतनीकरण करा, 36,000 अधिक जीएसटी, लवकर केल्यास दहा टक्के सूट. तो पुसलेला नाही. प्रिंट काढून तक्रारीला जोडलाय. तक्रारीची स्थिती अजून 'प्रक्रियेत' दाखवतेय.