भाच्याबरोबर कोणता बघावा: 'रॉजर डॉजर' की 'ट्वेंटिएथ सेंच्युरी विमेन'?

वयात येणाऱ्या मुलाला घरातल्या मोठ्यांनी प्रेमाबद्दल काही शिकवायला जावं, यावरचे हे दोन सिनेमे मला फार जवळचे. सोळा वर्षांच्या भाच्याबरोबर यातला एकच बघायचा होता, म्हणून निवड करावी लागली.

'ट्वेंटिएथ सेंच्युरी विमेन' (२०१६) नि:संशय देखणा आहे. १९७९ सालचं कॅलिफोर्नियातलं सांता बार्बरा, पंचावन्न वर्षांची डोरोथिया आणि तिचा पंधरा वर्षांचा मुलगा जेमी. आपल्याला मुलगा कळेनासा झालाय, असं वाटून ती घरातली भाडेकरू ॲबी आणि त्याची मैत्रीण ज्युली यांची मदत मागते. डोरोथिया झालेल्या ॲनेट बेनिंगचं काम पुन्हापुन्हा बघावं असं आहे. जेवणाच्या टेबलावर ॲबी सगळ्यांना 'मासिक पाळी' हा शब्द मोठ्याने म्हणायला लावते, तो प्रसंग तर घराघरात दाखवावा.

पण मला खटकलं ते निवेदन. पात्रं मधूनच पडद्याआडून बोलू लागतात. कोण कधी जन्मलं, पुढे कुणाचं काय होणार, हे सांगतात, सोबत जुनी छायाचित्रं सरकत राहतात. प्रसंग रंगात आला, आता हा मुलगा काहीतरी बोलणार असं वाटावं आणि तेवढ्यात कुणीतरी त्याचा अर्थ सांगून टाकावं! भाच्याला सुरुवातीचा थोडा भाग लावून दाखवला. निवेदन आलं की त्याचा हात फोनकडे जायचा. कदाचित मोठ्या माणसाला हेच आवडेल. आईच्या आठवणीसारखा हा सिनेमा आहे आणि दिग्दर्शक माइक मिल्सने तो खरोखरच स्वतःच्या आईवरून लिहिलाय.

'रॉजर डॉजर'मध्ये (२००२) त्रास वेगळा. हातात धरलेला कॅमेरा सारखा हलतो, कुणाचा तरी खांदा मध्ये येतो. रॉजरमामाच्या तोंडाचा पट्टा तर थांबतच नाही. जाहिराती लिहिणारा हा माणूस, बॉसने नुकतंच प्रेमाचं नातं तोडलेलं. ओहायोहून अचानक येऊन थडकलेल्या निक या भाच्याला तो न्यू यॉर्कमध्ये एका रात्रीत बायका पटवायला शिकवू बघतो. त्याचं ऐकताना राग येतो, यायलाच हवा.

मात्र इथे मुलगा स्वतः बोलतो. बारमध्ये दोघीजणी भेटतात, तिथे रॉजर एकेक डाव टाकत राहतो आणि निक सरळ विचारलेल्याला सरळ उत्तर देतो. त्या दोघींच्या माना हळूहळू मामाकडून भाच्याकडे वळतात. निक झालेल्या जेसी आयझेनबर्गचा हा पहिलाच सिनेमा, पण त्या टेबलावर तो रॉजर झालेल्या कॅम्बेल स्कॉटसारख्या मुरलेल्या नटासमोर जराही दबत नाही. पुढे पार्टीत दारूच्या नशेतली एक बाई त्याच्यासोबत खोलीत एकटी असते आणि तो तिचा गैरफायदा घेत नाही. का, ते कुणी समजावून सांगत नाही. माझा भाचा तिथे पुढे सरकून बसला होता.

दोन्ही सिनेमांना अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्र आहे, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्यांसोबतच बघायचे. 'रॉजर डॉजर'ची भाषा तर बरीच उघडी आहे आणि रात्र कुंटणखान्यापर्यंत जाते, तेव्हा मुलगा तेरा-चौदाचा असेल तर थांबलेलं बरं. एकटे बघणार असाल तर बेनिंगसाठी दुसरा लावा, मी अडवणार नाही. शेजारी सोळा वर्षांचा मुलगा बसणार असेल तर मी पुन्हा 'रॉजर डॉजर'च लावीन. संपल्यावर भाच्याने मला पहिला प्रश्न विचारला, "मामा, तू असं कधी बोलला होतास का कुणाशी?" आणि मग आम्ही जेवायचं विसरून बोलत बसलो.