केळीच्या चेंबरला ओम्रॉन ई५सीसी: अलार्मपुरतं सांगतो

सावद्याला आमचे केळी पिकवायचे चार चेंबर आहेत. मागच्या मे महिन्यात एका चेंबरचा कंप्रेसर रात्री ट्रिप झाला. सकाळी दार उघडलं तर सगळा माल मऊ. भोंगा वाजलाच नाही, कारण त्याची वायर काढून ठेवलेली. रात्रपाळीच्या काकांना विचारलं तर म्हणाले, "भाऊ, बागेतला गरम माल भरला की तो दिवसभर बोंबलतो. खरा कधी नि खोटा कधी, कळायचं कसं?" काकांचं बरोबर होतं. चूक सेटिंगची होती आणि सेटिंग मीच केलं होतं.

तेव्हा जुना तापमान कंट्रोलर काढून ओम्रॉनचा ई५सीसी घेतला, दोन ऑक्झिलरी आउटपुटवाला, म्हणजे अलार्मसाठी दोन वेगळे आउटपुट असलेला. आकडे पांढरे आणि ठसठशीत, दारातून वाचता येतात. तापमानाचा सेन्सर पीटी१०० जातीचा असेल तर सेटिंगमध्ये इनपुटचा प्रकार आधी ५ वरून १ करा. ५ म्हणजे के थर्मोकपल, ही सेन्सरची दुसरी जात. १ वर दशांशही दिसतो.

आता अलार्म. नव्या पीसला प्रकार २ असतो, म्हणजे सेट पॉइंटच्या (आपण ठरवलेल्या तापमानाच्या) वर ठरलेले अंश गेले की वाजणार. आमच्या जुन्याचंही तेच होतं. मी ६ ठेवला. हिशेब तोच, पण स्टँडबाय सीक्वेन्ससह. ३४ अंशांचा माल भरून कंट्रोलर चालू केला तरी हा गप्प राहतो. तापमान एकदा हद्दीत आलं की मग जागा होतो, आणि त्यानंतर वर गेलं तरच वाजतो. सेट पॉइंट १७, अलार्म २ अंश, म्हणजे १९ ला. पिकवताना आपण सेट पॉइंट बदलत जातो, तसा हाही सोबत सरकतो. बदल केल्यावर पुन्हा स्टँडबायला जातो, त्यामुळे उगाच कटकट नाही. एवढ्या एका सोयीसाठी मी हा कंट्रोलर पुन्हा घेईन.

दुसरा अलार्म प्रकार ९, तापमान थेट १३ अंशांपर्यंत उतरलं की वाजणारा. त्याखाली केळीची साल काळवंडते आणि तो माल मग सुधारत नाही. इथे सेट पॉइंटचा संबंधच नको.

स्टँडबायची दुसरी बाजू मात्र नीट समजून घ्या. लाईट जाऊन आली की कंट्रोलर नव्याने सुरू होतो आणि अलार्म पुन्हा गप्प बसतो. तेवढ्यात कंप्रेसर उठलाच नाही तर चेंबर तापत राहणार आणि हा तापमान हद्दीत यायची वाट बघणार. आमच्याकडे लाईटचा भरवसा नाही, म्हणून कंट्रोलर छोट्या इन्व्हर्टरवर घेतला आणि भोंग्याला वेगळी बॅटरी दिली.

दार उघडलं की लगेच वाजू नये म्हणून अलार्मला ३०० सेकंदांचा उशीर दिला. त्यासाठी आतल्या लेव्हलला जावं लागतं: आधी प्रोटेक्ट (सेटिंगचं कुलूप) १ वरून ०, मग एएमओव्ही या सेटिंगमध्ये पासवर्ड -१६९. तिथेच अलार्मचा रिले (विजेवर चालणारा स्विच) उलटा केला, अलार्म झाला की सुटणारा. आता इन्व्हर्टर संपला किंवा वायर तुटली तरी मधल्या रिलेतून भोंगा वाजतो.

सेन्सरची वायर काढून पाहिली. एस.ईआरआर (सेन्सरची चूक) दिसलं आणि वरचा अलार्म वाजला. खालचा वाजला नाही, कारण सेन्सर तुटला की हा तापमान वर गेलं असं धरतो. फक्त खालच्या अलार्मवर ज्यांचा माल अवलंबून आहे त्यांनी हे करून बघाच.

काम झाल्यावर प्रोटेक्ट परत १ केला आणि सगळे आकडे कागदावर लिहून पॅनेलच्या दाराला आतून चिकटवले. त्यानंतर भोंगा दोनदा वाजला. एकदा दार नीट लागलं नव्हतं, एकदा कंप्रेसर बंद होता. दोन्ही वेळा काका उठून गेले.