घरी ठेवायचं की हॉस्पिसमध्ये न्यायचं?

कॅन्सरवर आता उपचार नाहीत असं डॉक्टरांनी सांगितल्यावर हा प्रश्न उभा राहतो. हॉस्पिस म्हणजे बरे न होणाऱ्या रुग्णांना शेवटच्या दिवसांत सांभाळणारी जागा. दोन्हीकडे हेतू एकच: आजार बरा करणं नव्हे, त्रास कमी करणं.

घरी माणूस आपल्या अंथरुणात, आपल्या माणसांत असतो. माझ्या आत्याला घरीच राहायचं होतं. तीव्र वेदना शमवणाऱ्या मॉर्फिनची गोळी दर चार तासांनी, म्हणजे रात्री दोनलाही. त्या गोळीने बद्धकोष्ठता होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. शेवटी पाणीही गिळवेना, तेव्हा ओल्या कापसाने ओठ पुसायचे. हे सगळं एकट्या सुनेवर पडलं तर ती मोडून पडते. पाळी लावायला दोन-तीन माणसं आणि घरी येणारी नर्स हवीच.

हॉस्पिसमध्ये हे सगळं सरावलेले हात करतात. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून बऱ्या न होणाऱ्या कॅन्सर रुग्णांना विनामूल्य सांभाळतं. गोव्यातही त्यांचं केंद्र आहे. पण अशा जागा फार थोड्या, आणि गावाकडच्यांना लांब.

वेदना आवरत नसतील, धाप लागत असेल किंवा घरात माणूसबळ नसेल, तर मी हॉस्पिसच म्हणेन. ‘आईला टाकलं’ असं नातेवाईक म्हणतील, म्हणू देत. तिथे तुम्ही नर्स नसता, फक्त तिचा हात धरून बसलेलं लेकरू असता. आणि रुग्ण बोलू शकत असेल, तर आधी त्यालाच विचारा.