आईची लाइन बंद केली आणि ५०६ डॉलर भरावे लागले

न्यू जर्सीत आमच्या घरच्या चार मोबाइल लाइन एकाच खात्यावर होत्या : माझी, पत्नीची, मुलाची आणि पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईची. नव्या कंपनीत हे खाते उघडताना कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याच्या दुकानात मी स्पष्ट विचारले होते, की आई परत गेल्यावर तिची लाइन बंद करता येईल ना. आता करार वगैरे काही नसतो, केव्हाही बंद करा, असे उत्तर मिळाले. फोनही ‘फुकट’ होते. सही टॅबलेटवर घेतली गेली. समोर फक्त सहीची चौकट होती आणि कागदपत्रे नंतर ईमेलने आली.

पूर्वी अमेरिकेत दोन वर्षांचा करार मुदतीआधी मोडला तर दंड पडे. नोव्हेंबर २००९ मध्ये व्हेरायझन या मोबाइल कंपनीने स्मार्टफोनसाठी तो ३५० डॉलर केला, २०१० मध्ये एटी अँड टीने ३२५ केला, आणि दोन्हीकडे तो दरमहा १० डॉलरने उतरत असे. टी-मोबाइलने २०१३ साली असे करार बंद केले आणि पुढे इतर मोठ्या कंपन्याही त्याच वाटेने गेल्या. दंड गेला खरा, पण ग्राहकाला बांधून ठेवण्याचे काम आता फोनचे हप्ते करतात, आणि विक्रेत्याने नेमके तेच आमच्यापासून दडवले.

आमचा प्रत्येक फोन ८२८ डॉलरचा होता. त्याचा महिन्याला २३ डॉलरचा हप्ता बिलात लागे आणि त्याखालीच २३ डॉलरची सूट वजा होई, म्हणून फोन फुकट वाटे. हे ३६ महिने चालणार होते. मधेच लाइन बंद केली की सूट त्या दिवशी थांबते, मात्र उरलेले सगळे हप्ते एकदम देणे लागतात. आई पुण्याला परतल्यावरही काही महिने आम्ही तिची लाइन चालू ठेवली होती. ती बंद केली तेव्हा २२ हप्ते शिल्लक होते, म्हणून पुढच्या बिलात ५०६ डॉलर आले. शिवाय चार लाइनींचा दर माणशी कमी होता. तीन झाल्यावर तो वाढला आणि मासिक बिल अपेक्षेप्रमाणे उतरलेच नाही. तिकडे पुण्यात आईच्या फोनमध्ये भारतीय सिम चालेना, कारण पैसे पूर्ण फिटेपर्यंत कंपनी फोनचे लॉक, म्हणजे दुसऱ्या कंपनीचे सिम चालू न देणारे बंधन, काढत नव्हती. सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या हाती कोराकरकरीत पण निरुपयोगी फोन देऊन पाठवल्याचा मला आजही संताप आहे.

आईची लाइन बंद करतानाच सगळ्यांनी कंपनी सोडायचा विचार केला, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. खाते एक असले तरी प्रत्येक लाइनची मुदत स्वतंत्र असते. मुलाचा फोन मधे बदलला होता, त्यामुळे त्याचे ३६ महिने नव्याने सुरू झाले होते आणि एकट्या त्याच्यावर ७३६ डॉलर निघत होते. चारही लाइन एकदम सोडल्या असत्या तर आकडा २,२५४ झाला असता. हप्ते आधी फेडून टाकले तरी उरलेली सूट मिळणार नाही, असेही कलम कागदात होते.

आम्ही एफसीसीकडे, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय दूरसंचार आयोगाकडे तक्रार केली. अनौपचारिक तक्रारीला शुल्क नसते आणि कंपनीला ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावे लागते. उत्तर आले, सोबत माझ्या सहीची प्रत होती. न विचारता चारही लाइनींवर लावलेल्या फोनच्या विम्याचे पैसे परत मिळाले. हप्त्यांचे मिळाले नाहीत, कारण दुकानातील बोलण्याचा काहीही पुरावा नव्हता.

म्हणून सही करण्यापूर्वी प्रत्येक लाइनचा हप्ता करार वेगळा मागून घ्यावा आणि शेवटच्या हप्त्याची तारीख त्यात पाहावी. भारतातून येणाऱ्या आईवडिलांसाठी प्रीपेड सिम घ्यावे आणि फोन त्यांचाच वापरावा. कंपनी बदलताना जुने खाते आधी बंद करू नये, नाहीतर नंबर हातचा जातो. जुन्या कंपनीकडून खाते क्रमांक आणि ट्रान्सफर पिन (नंबर हलवण्यासाठीचा सांकेतिक क्रमांक) घेऊन नवीन कंपनीकडूनच नंबर हलवून घ्यावा. बाकी रक्कम थकली आहे या कारणावरून जुन्या कंपनीला नंबर अडवून ठेवता येत नाही, हे दुकानात कोणी आपणहून सांगत नाही.