आरमारी इतिहास, दर्यावर्दी आणि लढाऊ विमानं: बरेच महिने हीच पुस्तकं वाचल्यावरचा अनुभव

गेले बरेच महिने मी जवळपास दुसरं काही वाचलेलंच नाही. आरमारी लढाया, शिडाच्या जहाजांचा काळ, विमानवाहू नौका, दुसऱ्या महायुद्धातली हवाई लढाई, जे हाती आलं ते वाचत गेलो, आणि तेही सगळ्या प्रकारांत, म्हणजे कागदी पुस्तकं, ई-रीडर, टॅबलेट, ऑडिओबुक, जुन्या पुस्तकांचे स्कॅन. आता ठामपणे सांगू शकतो की या विषयात पुस्तक कोणतं घेताय इतकंच ते कशावर वाचताय यालाही महत्त्व आहे. कादंबरी कशावरही वाचा, काही बिघडत नाही. इथे बिघडतं, कारण निम्मी गोष्ट नकाशात असते.

पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या ब्रिटिश-जर्मन आरमारी लढाईचं उदाहरण घ्या. ३१ मे १९१६ ची संध्याकाळ, ब्रिटिश ॲडमिरल जेलिको २४ मोठ्या युद्धनौका घेऊन चाललाय, चार-चारच्या सहा रांगा शेजारी-शेजारी, समोर धूर आणि धुकं, जर्मन ताफा नेमका कुठे आहे हे कोणी धड कळवत नाही, आणि वर पुढे असलेला दुसरा ब्रिटिश ॲडमिरल बीटी, त्याच्या जहाजाने मांडलेली स्वतःची जागा आणि जेलिकोच्या जहाजाने मांडलेली जागा यांचा मेळ बसत नाही, काही मैलांची तफावत. अशात त्याने सहा रांगांची एक लांब रांग करायचा हुकूम दिला, डावीकडच्या रांगेला पुढे घालून, आणि त्यामुळे ब्रिटिश रांग जर्मनांच्या वाटेत बरोबर आडवी आली. हे शब्दांत तीनदा वाचलं तरी डोक्यात चित्र उभं राहत नाही. कागदी पुस्तकात दोन पानांवर पसरलेला नकाशा असतो, प्रत्येक ताफ्याच्या रेषेवर वेळेच्या खुणा असतात, सहा वाजून पंधरा, सहा पंचवीस, साडेसहा, तुम्ही रेषेवर बोट ठेवून मजकूर वाचत जाता आणि एकदम लख्ख कळतं की हा माणूस काय करतोय आणि पाच मिनिटं उशीर झाला असता तर काय झालं असतं.

तोच नकाशा सहा इंची ई-रीडरवर बघितला. मधोमध चिरून दोन चित्रं केलेली, एक या पानावर, एक पुढच्या. छापील प्रतीतल्या लाल आणि निळ्या रेषा दोन्ही एकाच करड्या रंगात, म्हणजे ब्रिटिश कोण आणि जर्मन कोण हेच कळेना, आणि वेळेचे आकडे मुंगीएवढे, झूम केलं की नुसते चौकोन. एवढ्या कष्टाने कोणीतरी काढलेला नकाशा असा वाया घालवलेला बघून वाईट वाटतं. टॅबलेटवर यापेक्षा खूप बरं दिसतं, फाइल चांगल्या दर्जाची असेल तर कागदापेक्षाही सोयीचं, कारण दोन बोटांनी मोठं करता येतं, फक्त रात्री तासन्‌तास वाचून डोळे दुखतात.

जुन्या पुस्तकांच्या स्कॅनबद्दल तर सावधच राहा. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या आरमारी इतिहासांमध्ये घडी घातलेले मोठे नकाशे असायचे, काहींचे तर वेगळ्या पेटीत दिलेले, आणि स्कॅन करणाऱ्याने घडी न उघडताच पान मशीनखाली ठेवलेलं असतं. मग तोच स्कॅन छापून नवीन पुस्तक म्हणून विकतात, आत नकाशाचा एक कोपरा दिसतो आणि बाकी समुद्र घडीत. घेण्याआधी आतली पानं दाखवत असतील तर नकाशाचं पान आधी उघडून बघा, कव्हर नंतर.

ई-रीडर अगदीच टाकाऊ नाही हं. तळटिपा एका टॅपवर उघडतात, आणि या विषयात चांगल्या लेखकाचा जीव तळटिपांत असतो. शिवाय शोधायची सोय. एखादी विनाशिका पान चाळीसवर येऊन गेली आणि परत तीनशेवर उगवली की ही कोण बुवा असं होतं, नाव टाकलं की सगळे उल्लेख समोर. ऑडिओबुकवर फक्त आठवणी ऐका. वैमानिकाने किंवा पाणबुडीवरच्या माणसाने स्वतःचं सांगितलेलं कानाला फार छान लागतं, पण लढाईचं वर्णन ऐकताना दिशा, अंतर आणि जहाजांची नावं यांचा असा गुंता होतो की थोड्या वेळाने सोडून द्यावंसं वाटतं.

आता वेळ आणि तारखा, याबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण एकापेक्षा जास्त पुस्तकं शेजारी ठेवून वाचायला लागलात की पहिला अडथळा हाच येतो. रशिया आणि जपानमधली सुशिमाची लढाई २७ आणि २८ मे १९०५ ला झाली, पण रशियन कागदपत्रांवरून लिहिलेलं काही वाचलंत तर तिथे १४ मे दिसेल, कारण रशियात तेव्हा जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, १३ दिवस मागे. शिडाच्या काळातल्या ब्रिटिश जहाजांच्या लॉगमध्ये, म्हणजे रोजच्या नोंदवहीत, दिवस दुपारी १२ ला बदलायचा, म्हणजे आपण ज्याला सोमवारची दुपार म्हणू ती लॉगमध्ये मंगळवारच्या खात्यात. आणि मिडवे, म्हणजे १९४२ ची अमेरिका-जपान लढाई, तर कळसच. जपानी ताफा जगात कुठेही असला तरी घड्याळ टोकियोचंच ठेवायचा, आणि मिडवेच्या स्थानिक वेळेपेक्षा टोकियो २१ तास पुढे, त्यामुळे अमेरिकन पुस्तकात ज्या नौकांवर ४ जूनच्या सकाळी बॉम्ब पडतात त्यांच्यावर जपानी नोंदींमध्ये ५ जूनच्या सकाळी पडतायत. चांगलं पुस्तक सुरुवातीलाच सांगून टाकतं की आम्ही अमुक वेळ धरलीये. ज्यात हे सांगितलेलं नसतं तिथे लेखकाने दोन्ही बाजूंच्या मूळ नोंदी खरंच जुळवून पाहिल्यात का, अशी शंका यायला लागते.

मिडवेवरून पुढचा मुद्दा येतो, माझ्यासाठी सगळ्यात मोठा. दोन्ही बाजूंची कागदपत्रं बघितलेलं पुस्तक आणि एकाच बाजूचं पुस्तक यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कित्येक वर्षं सगळीकडे असं छापलं जायचं की अमेरिकन डाइव्ह बॉम्बर (सूर मारून बॉम्ब टाकणारी विमानं) आले तेव्हा जपानी विमानवाहू नौकांच्या डेकवर हल्ल्याची विमानं रांगेत उभी होती, आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर ती उडाली असती. हे मुख्यतः मित्सुओ फुचिदा या जपानी वैमानिक अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून आलं, जो त्या दिवशी अकागी या जपानी विमानवाहू नौकेवर होता. पुढे अभ्यासकांनी जपानी नौकांच्या विमानांच्या उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या नोंदी बघितल्या तर दिसलं की सकाळभर त्या डेकवर रक्षणाची लढाऊ विमानंच चढ-उतर करत होती, हल्ल्याची विमानं बहुतेक खाली हँगरमध्ये होती. म्हणजे पाच मिनिटांची गोष्टच उभी राहत नाही. आणि हे सापडलं कशातून, तर कोणालाही कंटाळवाण्या वाटतील अशा उड्डाणांच्या तक्त्यांतून! मी आता पुस्तक घेतलं की शेवटची परिशिष्टं आधी चाळतो, कोणत्या नौकेवर कोणती तुकडी होती, कोण कधी उडालं, हे तक्ते असतील तर लेखकाने घाम गाळलाय असं समजायचं.

विमानांच्या पुस्तकांत पाडलेल्या विमानांचे आकडे बघा. इंग्लंडवरच्या जर्मन हवाई हल्ल्यांच्या लढाईत १५ सप्टेंबर १९४० ला ब्रिटिशांनी जाहीर केलं की जर्मनांची १८५ विमानं पाडली, प्रत्यक्षात जर्मनांची त्या दिवशी साधारण ६० गेली. यात कोणी मुद्दाम खोटं बोलत होतं असं नाही, एकाच विमानावर तिघे गोळ्या झाडतात आणि तिघेही परत येऊन सांगतात मी पाडलं, गर्दीत आणि ढगांत कोण काय तपासणार. जो लेखक १८५ चा आकडा तसाच छापतो त्याचं पुस्तक मी पुढे वाचत नाही, स्पष्टच सांगतो. तसंच स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानाने एकट्याने इंग्लंड वाचवलं असं लिहिणारेही, त्या लढाईत जास्त विमानं हरिकेन या दुसऱ्या ब्रिटिश लढाऊ विमानांनी पाडली.

पण या सगळ्यात मला खरा आनंद कशाने दिला असेल तर यंत्र कसं चालतं हे सांगणाऱ्या पानांनी. हरिकेन आणि स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनात कार्ब्युरेटर होता, त्यामुळे वैमानिकाने नाक एकदम खाली दाबलं की इंधन वर फेकलं जायचं आणि इंजिन क्षणभर आचके द्यायचं, जर्मन मेसरश्मिटमध्ये इंधन थेट आत मारायची सोय होती म्हणून तो सरळ खाली सूर मारून निसटायचा. यावर बीट्रिस शिलिंग नावाच्या इंजिनिअर बाईंनी १९४१ च्या सुरुवातीला जो उपाय काढला तो म्हणजे भोक पाडलेली एक छोटीशी धातूची चकती, इंधनाचा पूर येऊ नये एवढंच तिचं काम, आणि विमानतळावरच बसवता येईल अशी. हे वाचलं की हवाई लढाईची वर्णनं वेगळीच दिसायला लागतात, अमुक वैमानिक आधी उलटा होऊन मग खाली का गेला ते कळतं.

तसंच बिस्मार्क या जर्मन युद्धनौकेच्या पाठलागात. २६ मे १९४१ ला आर्क रॉयल या ब्रिटिश विमानवाहू नौकेवरून स्वोर्डफिश विमानं उडाली, कापडाने मढवलेली दुपंखी जुनाट विमानं, आणि त्यांनी हल्ला केला तो स्वतःच्याच शेफील्ड या क्रूझरवर, कारण शेफील्ड पुढे गेलीये हे वैमानिकांपर्यंत पोचलंच नव्हतं. नशीब असं की टॉर्पेडोंना चुंबकीय स्फोटक यंत्रणा लावलेली, त्यातले काही पाण्यात पडल्या पडल्याच फुटले, बाकीचे शेफील्डने चुकवले. मग दुसऱ्या खेपेला साधी, आपटल्यावर फुटणारी यंत्रणा लावली आणि त्यातला एक टॉर्पेडो बिस्मार्कच्या सुकाणूपाशी लागला. शेफील्डवरचा घोळ झाला नसता तर कदाचित तीच फसवी यंत्रणा बिस्मार्कवर वापरली गेली असती. काही पुस्तकं हे एका ओळीत उरकतात, काही दोन पानं देतात. दोन पानंवाली घ्या.

दर्यावर्दी जीवनाची, म्हणजे लढाईपेक्षा समुद्रावरच्या रोजच्या जगण्याची पुस्तकं मी सुरुवातीला बाजूला ठेवलेली, नंतर तीच जास्त आवडली. लांबच्या प्रवासात खलाशांना होणाऱ्या स्कर्व्ही या आजाराचं घ्या, ब्रिटिश आरमारातला डॉक्टर जेम्स लिंड याने १७४७ मध्ये जहाजावर १२ आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, संत्री-लिंबू मिळालेले दोघे झटपट बरे झाले, आणि तरी ब्रिटिश आरमारात लिंबाचा रस सरसकट सुरू व्हायला १७९५ उजाडलं. का उशीर झाला हे नीट सांगणारं पुस्तक शोधा, कारण लिंडने स्वतः रस आटवून साठवायचा सल्ला दिला होता आणि आटवताना उष्णतेने त्यातला गुणच जायचा, ही बारीक गोष्ट बरेच जण गाळतात. वाऱ्याचंही तसंच, चौकोनी शिडांचं जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊच शकत नाही, साधारण ६७ अंशांच्या आत नाही, हे एकदा डोक्यात बसलं की वारा आपल्या बाजूने असणं इतकं मोलाचं का ते समजतं. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईत वारा ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनच्या मागून होता, तरी त्याच्या दोन रांगांना फ्रेंच-स्पॅनिश ताफ्यापर्यंत पोचायला सकाळभर लागली. मंद वारा, दोन-तीन नॉटचा वेग, समोर ३३ जहाजं आपल्याकडे तोफा वळवून उभी, आणि पुढच्या जहाजांना जवळ पोचेपर्यंत उत्तरच देता येत नाही. त्या माणसांच्या छातीला मानलं पाहिजे.

नव्याने सुरू करणाऱ्यांना माझं सांगणं, बिस्मार्कपासून सुरू करा. १९ मेच्या पहाटे निघालेलं जहाज २७ मेला तळाशी, सगळी गोष्ट नऊ दिवसांत आणि एका नकाशात मावते, मुख्य जहाजं मोजकी आहेत, दोन्ही बाजूंची कागदपत्रं उपलब्ध आहेत, आणि जहाज व विमान दोन्ही येतं म्हणून पुढे कुठल्या बाजूला वळायचं ते आपोआप ठरतं. बिस्मार्कने बुडवलेल्या हूड या ब्रिटिश युद्धनौकेबद्दल वाचताना मात्र तयारी ठेवा, १,४१८ माणसांतून तिघे वाचले, ते पान लवकर उलटवत नाही. मिडवे तिसरं-चौथं ठेवा, तोवर घड्याळांची सवय झालेली असेल, आणि घेताना जपानी नोंदी वापरलेलंच घ्या, जुन्यापैकी स्वस्तात मिळतंय म्हणून पाच मिनिटांची गोष्ट परत घरात आणू नका.