डोक्कुम की याउरे? फ्रीसलंडमध्ये घर घेण्याआधी

नेदरलँड्सच्या मोठ्या शहरांत घर परवडेना आणि उत्तरेला फ्रीसलंडमध्ये जायचं मनात आलं, तर दोन ग्रामीण पालिका तोलून बघण्यासारख्या आहेत. एक समुद्राकाठची नोर्डइस्ट-फ्रिसलान (२०१९ साली झाली, मुख्य गाव डोक्कुम), दुसरी तळ्यांची द फ्रिस्के मारेन (२०१४, मुख्य गाव याउरे). माझं म्हणणं एवढंच, की घराआधी खालची जमीन बघा.

डोक्कुमकडे किनाऱ्यालगत चिकणमाती. धरणबांध नव्हते तेव्हा माणसांनी मातीचे उंचवटे रचून त्यावर वस्ती केली. हेगेबाइंटमचा उंचवटा देशात सर्वांत उंच, जवळजवळ ९ मीटर, वर चर्च. शेतात बियाण्याचे बटाटे. समुद्रावरच्या गार वाऱ्यात मावा ही कीड कमी, म्हणून रोगही कमी पसरतो. इथलं बेणं परदेशी जातं. बांधापलीकडे वाडन समुद्र, ओहोटीला मैलोन् मैल चिखल उघडा पडतो. हा समुद्र लाडका असला तरी निरुपद्रवी नाही: मार्च १८८३ च्या एका वादळात मोडरखाट या छोट्या गावाचे ८३ मच्छीमार गेले. तिथली स्मारकशिला आवर्जून बघा.

याउरेकडे चित्र वेगळं. तळी, शिडाच्या बोटी, उन्हाळ्यात स्कूत्शे या जुन्या मालवाहू नावांच्या शर्यती, पर्यटकांची वर्दळ. खास्टरलांडला चक्क झाडी आणि चढउतार आहेत. लेमरचं १९२० चं वाफेवर चालणारं पंपघर जागतिक वारसा आहे, आणि पाणी फार चढलं की आजही बॉयलर पेटवतात. पण सखल भागात बरीच जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची. गाईंच्या कुरणांसाठी चरांतलं पाणी खाली ठेवतात, पीटला हवा लागते, ते कुजतं आणि जमीन खचते. जुन्या घरांच्या पायातले लाकडी खांब असे पाण्याबाहेर उघडे पडले की तेही सडतात. इथे पायाची तपासणी केल्याशिवाय बोली लावूच नका, घर कितीही देखणं असो.

रेल्वे डोक्कुमला नाही, याउरेलाही नाही, गाडी लागेलच. याउरेला मात्र ए-६ आणि ए-७ हे दोन महामार्ग मिळतात, त्यामुळे अ‍ॅमस्टरडॅमच्या दिशेला आठवड्यातून दोनतीनदा जाणाऱ्यांना तेच सोयीचं. डोक्कुमहून त्याच प्रवासात जीव मेटाकुटीला येईल. शाळेत फ्रिशियन ही इथली भाषा दोन्हीकडे शिकवतात, मुलं ती भराभर उचलतात.

घरूनच काम असेल किंवा नोकरी फ्रीसलंडची राजधानी लेउवार्डनला असेल, तर मी डोक्कुम निवडेन. तटबंदीवर पवनचक्क्या, चालत बाजार, आणि होलवर्टहून आमेलांड बेटाची बोट. वारा सोसत असेल का, हे मात्र नोव्हेंबरात एक आठवडा राहून ठरवा. जूनमध्ये दोन्ही गावं सारखीच मोहात पाडतात.